मर नेमकी कुठून आली? गावठी कोंबड्यांमधल्या मानमोडीचा माग कसा काढायचा

आमच्या सिंधुदुर्गात कोंबड्यांना मर लागली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "वाऱ्यार इली रे मर, आपण काय करतलंव." मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत होतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, चाकरमानी घरी आलेले, आंबे उतरलेले, आणि अशात आमच्या वाडीत मानमोडी घुसली. तेव्हा पहिल्यांदा वही पेन घेऊन बसलो आणि तारखा लिहून काढल्या, आणि शेवटी कळलं की वाडीत रोग आणणारा माणूस मीच होतो. तर हा लेख त्या वहीतून आलाय. ज्यांच्याकडे दहा, वीस, पन्नास गावठी कोंबड्या आहेत आणि ज्यांच्या गावात मर येते-जाते त्यांनी रोगाचा माग कसा काढायचा, काय लिहायचं, कुणाला काय विचारायचं आणि त्या माहितीचं पुढे करायचं काय, ते जमेल तसं सांगतो.

आधी रोगाबद्दल थोडं, कारण त्याशिवाय तारखांचा अर्थ लागत नाही. मानमोडी म्हणजेच राणीखेत, जगभर याला न्यूकॅसल डिसीज म्हणतात. १९२६ ला इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ हा रोग ओळखला गेला, पुढे आपल्या उत्तराखंडातल्या राणीखेतला सापडला म्हणून इकडे ते नाव पडलं. व्हायरस आहे, त्यामुळे अँटिबायोटिक टोचून तो मरत नाही (मेडिकलवाला देईल काहीतरी, पण त्याने फार तर वरचं जंतूंचं इन्फेक्शन थांबेल). आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि नाका-तोंडातल्या पाण्यातून तो बाहेर पडतो. अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १५ दिवस जातात, बहुतेक वेळा ५-६. जागतिक पशुआरोग्य संघटना तिच्या नियमांसाठी मात्र सेफ साइडने २१ दिवस धरते. हे ५-६ आणि २१ आकडे डोक्यात फिट करून ठेवा, पुढचा सगळा हिशोब यांच्यावरच चालतो.

दिसतं काय? कोंबडी पिसं फुगवून कोपऱ्यात गप बसते, हिरवट पातळ हगते, तोंड उघडून श्वास घेते, घशातून घरघर येते, कधी डोळ्यांभोवती सूज. अंडी एकदम कमी होतात किंवा मऊ कवचाची पडतात. ज्या चार-पाच दिवस टिकतात त्यांची मान पिळल्यासारखी वाकडी होते, पंख लोंबतात, पाय लुळे पडतात. मानमोडी हे नाव त्यावरूनच, पण मान वाकडी झाली नाही म्हणजे मानमोडी नाही असं समजू नका, जोरात आलेल्या साथीत मान मोडायच्या आधीच कोंबडी मरते. लस नसलेल्या खुराड्यात कधीकधी सगळीच्या सगळी साफ होतात.

सुरुवात: फोन आधी, शोध नंतर

दोन-तीन दिवसांतच एकापेक्षा जास्त कोंबड्या मेल्या की पहिला फोन जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात, नाहीतर १९६२ या नंबरवर. ही नुसती समजूतदारपणाची गोष्ट नाही, २००९ च्या केंद्राच्या कायद्यात राणीखेत आणि बर्ड फ्लू दोन्ही कळवायच्या रोगांच्या यादीत आहेत आणि जनावराच्या मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं.

आणि अजून एक कारण, जे जास्त महत्त्वाचं. मानमोडी आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. डॉक्टरलाही नाही, लॅबशिवाय नाही. आपल्याकडे कोकणात बर्ड फ्लू येत नाही हा गैरसमज असेल तर काढून टाका, जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुने पॉझिटिव्ह निघाले होते आणि २०२५ च्या सुरुवातीला उरणजवळच्या चिरनेरला कोंबड्यांमध्ये सापडला. मानमोडीने माणसाला फार तर डोळे येतात आणि ते आपोआप बरे होतात, बर्ड फ्लूचं तसं नाही, तो माणसाच्या जिवावर उठू शकतो. म्हणून रिपोर्ट येईपर्यंत मेलेली कोंबडी फाडून बघू नका, पिसं काढू नका, नाका-तोंडाला कपडा आणि हातात प्लास्टिकच्या पिशव्या तरी घालाच. कावळे, बदकं, बगळे पण मरून पडलेले दिसले तर हात न लावता थेट फोन.

नमुना डॉक्टरच घेतात. घशातून आणि गुदद्वारातून कापसाची काडी फिरवून, नाहीतर ताजी मेलेली कोंबडी दोन-तीन पिशव्यांत बांधून बर्फात. फ्रीजरमध्ये दगड करून ठेवू नका. डॉक्टर यायच्या आधी सगळ्या पुरून टाकल्या तर तपासायला काहीच उरत नाही, आमच्या शेजाऱ्यांनी नेमकं तेच केलं होतं. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात, बर्ड फ्लूचा संशय असेल तर पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत. रिपोर्टला वेळ लागतो. तो वेळ हात बांधून बसायचा नाही, वही तेव्हाच भरायची.

ही मर आहे की दुसरंच काही

कोंबडी मेली की प्रत्येक वेळी मानमोडीच असते असं नाही. एप्रिल-मेत पत्र्याच्या खुराड्यात दुपारी उष्माघाताने धडाधड मरतात, पण ते त्या दुपारपुरतं, शेजारच्या घरी पाच दिवसांनी जात नाही. देवीचा रोग आला तर तुऱ्यावर, चोचीच्या कडेला खपल्या दिसतात आणि ती हळू चालते. मारेक्स रोगात एक पाय पुढे एक पाय मागे असा लुळा पडतो, तीही हळू. गंबोरो हा रोग साधारण ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांत. उंदराचं औषध किंवा फवारणीचं पाणी पोटात गेलं तर एकाच दिवशी, एकाच खुराड्यात, सगळं होऊन जातं.

म्हणजे लक्षणांपेक्षा चाल बघायची. मरतुकीच्या तारखा ओळीने लिहिल्या आणि सगळ्या एका दिवसावर गोळा झाल्या तर पाणी, खाद्य, विष असलं काहीतरी एकच कारण शोधा. एका घरात एक-दोन, मग चार-सहा दिवसांची गॅप, मग त्याच घरात पाच-सात आणि दुसऱ्या घरात पहिली, परत गॅप, मग तिसरं घर, अशा पायऱ्या दिसल्या की तो एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा रोग. चौकटीच्या वहीत दर मेलेल्या कोंबडीमागे एक चौकोन काळा करायचा, खाली तारखा, एवढंच. शिकलेले लोक याला एपिडेमिक कर्व्ह म्हणतात, माझ्या पुतणीच्या गणिताच्या वहीत तो मस्त निघाला.

वही कशी आखायची

दर घराला एक पान. वर घराची ओळख, मग आजार यायच्या आधी कोंबड्या किती होत्या, त्यात मोठ्या किती, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) किती, कोंबे किती, पिल्लं किती. हा आधीचा आकडा लोक सांगायला कंटाळतात, "असतील वीस-पंचवीस" म्हणतात, तरी पाठपुरावा करून घ्या, कारण नुसतं "सात मेल्या" याला अर्थ नाही, आठातल्या सात वेगळं आणि चाळिसातल्या सात वेगळं.

त्याखाली रोजची नोंद, नव्या आजारी किती, मेल्या किती, कापल्या किती, विकल्या किती, कुणाला दिल्या किती. शेवटचे तीन रकाने मी मुद्दाम ठेवलेत, कारण खरा धागा तिथेच लपलेला असतो. कोंबडी गप दिसली की आपल्याकडे काय करतात? मरायच्या आधी कापून खातात नाहीतर स्वस्तात विकतात. मग ती मरतुकीत धरलीच जात नाही, आणि नेमकी तीच साथीची पहिली कोंबडी असते.

मग लस. कधी दिली, कुठली, डोळ्यात थेंब की इंजेक्शन, कुणी दिली. "मागे कधीतरी शिबिरात दिली होती" याची तारीख दवाखान्यातल्या रजिस्टरमधून काढता येते.

आणि पानाच्या मागच्या बाजूला दोन याद्या. पहिली, त्या घरात पहिली कोंबडी आजारी दिसली त्याच्या आधीच्या २१ दिवसांत आत काय आलं. कोंबडी, कोंबा, रवणीला (उबवायला) ठेवायची अंडी, अंड्यांचा ट्रे, खाद्याची जुनी पोती, कोंबडखत, कोंबड्या विकत घेणारा मोटारसायकलवाला, लस टोचणारा, ब्रॉयलरचं मटण आणि त्याची धुवून टाकलेली घाण, पाहुणे ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत. दुसरी, आजार आल्यापासून आत्तापर्यंत बाहेर काय गेलं आणि कुणाकडे. पहिल्या यादीने मागे जायचं, रोग कुठून आला त्या दिशेला, दुसरीने पुढे, आता तो कुठे पोचणार त्या घरांकडे. पुढची यादी जास्त अर्जंट, कारण मागची घरं मेलेली आहेत, पुढची अजून वाचवता येतील.

विचारायचं कसं

"तुमच्याकडे रोग आलाय का" असं विचारलंत की उत्तर "नाय बा" असंच येणार. लोकांना भीती असते की सरकारची माणसं येऊन सगळ्या कोंबड्या मारून टाकतील, आणि लाजही असते, की आपल्यामुळे वाडीत आली असं होईल. त्यामुळे मी आमच्या घरापासूनच सुरुवात केली, वहीत पहिलं पान आमचं, ते उघडून दाखवायचं आणि मग बोलायचं.

तारखा कुणाच्या लक्षात नसतात. पण भिंतीवरचं कालनिर्णय असतं, दुधाचा हिशोब असतो, आणि आठवणी प्रसंगाला बांधलेल्या असतात. "मुंबईची मंडळी आली त्याच्या आधी की नंतर?" "त्या लग्नाच्या हळदीला कोंबडा कुठला कापलात?" "राखणीचा (राखणदार देवाला द्यायचा) कोंबा कुठून आणला होता?" वड्यांबरोबर सागोती कधी केली ते आपल्याकडे कुणीही तीन वर्षांपूर्वीचंसुद्धा सांगेल. आणि घरातल्या बायकांना विचारा, पोरांना विचारा. पुरुषमाणसांना (मी धरून) खुराड्यात नक्की किती कोंबड्या आहेत हे साधारण माहीतच नसतं, कोंबड्या सोडणारी, कोंडणारी, खुडूक बसवणारी आई किंवा आजी असते.

आता एक गोष्ट अगदी कानाला खडा लावून. हा शोध घेत घरोघर फिरणारा तुम्हीच रोग पसरवू शकता. चपलेला चिकटलेली विष्ठा पुरते. म्हणून शक्य तेवढं फोनवर. जायचंच तर आधी निरोगी घरं, आजारी घर सगळ्यात शेवटी, आणि तिथून थेट आपल्या घरी आंघोळीला. खळ्यात (अंगणात) उभं राहून बोलायचं, खुराड्याजवळ जायचं नाही, "बघूया हां जरा" करत कोंबडी उचलायची नाही. चप्पल आधी साबणाच्या पाण्याने घासून, चिखल-घाण गेल्यावर मग ब्लीचिंगच्या पाण्यात. घाण तशीच ठेवून ब्लीचिंगमध्ये बुडवली तर उपयोग शून्य.

नकाशा

गुगल मॅपवर पिन टाकता येतात, ग्रुपवर शेअर पण करता येतं, करा. पण आमचं काम खरं झालं ते एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काढलेल्या नकाशाने. घरं, गडगे (दगडी कुंपणं), पाखाडी (पायऱ्यांची वाट), व्हाळ (ओढा), विहीर, एसटीचा स्टॉप, दुकान, कोंबडीची घाण टाकतात ती जागा. लाल खडू म्हणजे आजारी घर, बाजूला पहिल्या मरतुकीची तारीख. निळा म्हणजे कोंबड्या आहेत पण आजार नाही. ज्यांच्याकडे कोंबड्याच नाहीत त्यांना नुसता चौकोन. निळी घरं काढायला विसरू नका, लोक फक्त लाल काढतात आणि मग काहीच उलगडत नाही.

सरकार बर्ड फ्लूमध्ये १ किलोमीटरचं आणि १० किलोमीटरचं वर्तुळ आखतं, ते त्यांच्या कामाला बरोबर आहे. पण मानमोडीचा माग काढताना कोकणात वर्तुळ फसवतं. आमच्यासमोर व्हाळापलीकडे जी वाडी आहे ती सरळ रेषेत हाकेच्या अंतरावर, पण पावसाळ्यात तिथे जायला वळसा पडतो आणि आमच्या कोंबड्या काही साकव ओलांडत नाहीत. उलट एसटी स्टॉपजवळचं घर आमच्यापासून लांब, पण वाडीतला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पिशवी तिथे पाच मिनिटं टेकते. म्हणून वर्तुळ नको, रेघा ओढा. कोण कुणाकडे गेलं, कोंबडी कुणी कुणाला दिली, कुणाच्या कोंबड्या कुणाच्या परड्यात (परसात) चरतात. दर रेघेवर तारीख.

आमच्या वहीत काय निघालं

वाडीत सगळ्यांचं म्हणणं होतं की मर खालच्या घरातल्या काकूकडून सुरू झाली, कारण ११ मेला तिच्या एका रात्रीत सात मेल्या आणि ती सकाळी मोठ्याने रडली. आमच्याकडे ४ तारखेला एक, ६ ला दोन गेल्या होत्या, पण ते आम्ही उन्हावर आणि मुंगसावर ढकललं होतं.

काकूच्या पानावर मागे मोजायला लागलो, ११ मधून पाच-सहा दिवस वजा केले तर ५ मे. विचारलं ५ तारखेला काय झालं? तिच्याकडे मुंबईचे पाहुणे आले होते. कोंबडी कुठली कापली? ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "झिला, तू दिललस ती तलंग माका जरा गपच दिसली व्हती."

मीच दिली होती. त्या तलंगेची पिसं आणि आतडी परसातल्या शेणखताच्या खड्ड्यात टाकलेली आणि काकूच्या सगळ्या कोंबड्या दिवसभर त्याच खड्ड्यात उकरतात.

मग आमचं पान. ४ मेच्या मागे जाऊन बघितलं तर २७ एप्रिलला मी आठवडा बाजारातून एक तांबडा कोंबा आणला होता, भारी दिसला म्हणून, आणि संध्याकाळीच इतरांबरोबर सोडला. ३० ला तो पंख पाडून बसला, हिरवं हगला, आईने "मरण्यापेक्षा बरा" म्हणून कापला. आमच्या वहीत मरतुकीच्या रकान्यात तो कोंबा नव्हताच. कापल्या या रकान्यात होता.

पुढची रेघ अजून वाईट. १२ मेला काकूने उरलेल्यातल्या चांगल्या दिसणाऱ्या तीन कोंबड्या वाचवायला म्हणून व्हाळापलीकडे लेकीकडे पाठवल्या. १७ ला तिथे पहिली मेली. पाच दिवस. आणि ११ च्याच संध्याकाळी कोंबड्या घेणाऱ्याला दोन स्वस्तात दिल्या, त्याने जाताना एसटी स्टॉपजवळच्या घरी डालगं (कोंबड्या ठेवायची बांबूची टोपली) खाली ठेवून पाणी मागितलं, १५ ला त्या घरात. पाचवं घर आमचे शेजारी, त्यांच्या नि आमच्या कोंबड्या एकाच परड्यात.

वाऱ्याची थिअरी कुठे मोडली माहितीये? आमच्या आणि काकूच्या घराच्या बरोब्बर मध्ये एक घर आहे, २२ कोंबड्या, एकही मेली नाही. वारा काय त्या घरावरून उडी मारून गेला? त्या ताईंनी फेब्रुवारीत दवाखान्यातून लस करून घेतली होती. तरी एक सांगतो, लस दिलेली कोंबडी आजारी पडली नाही तरी तिच्या अंगात व्हायरस शिरून थोडाफार बाहेर पडू शकतो, त्यामुळे त्या घरालाही आम्ही कोंबड्या-अंडी बाहेर न द्यायला सांगितलं. ताई रागावल्या थोड्या.

पाच घरांत मिळून ११८ कोंबड्या होत्या, ८३ मेल्या, ११ कापल्या किंवा विकल्या, २४ उरल्या. म्हणजे शंभरातल्या ७० मेल्या. डॉक्टरांनी १३ मेला नमुने नेले होते, रिपोर्ट राणीखेतचाच आला, बर्ड फ्लू निगेटिव्ह. तोपर्यंत आमचा नकाशा पूर्ण झाला होता आणि डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून नेला.

माहिती हातात आली, आता करायचं काय

बाहेर गेलेल्या यादीतल्या घरांना त्याच दिवशी फोन. आलेली कोंबडी वेगळी कोंडा, खाणं-पाणी वेगळं, आधी आपल्या कोंबड्यांचं काम मग तिचं. आजारी घरातून काहीही बाहेर जाणार नाही, कोंबडी नाही, अंडी नाहीत, खत नाही. कोंबड्या घेणाऱ्याला रस्त्यावरच थांबवा. वाडीतल्या सगळ्यांनी कोंबड्या सोडणं बंद, खुराड्यात नाहीतर डालग्याखाली. हे सांगणं सोपं, पाळणं महाकठीण, गावठी कोंबडी कोंडली की दोन दिवस घर डोक्यावर घेते, तांदळाची कणी आणि कोवळा पाला आत टाकत राहा.

मेलेल्यांची विल्हेवाट. व्हाळात, पऱ्यात फेकणं म्हणजे खालच्या वाडीला पार्सल पाठवणं. उकिरड्यावर टाकलं तर कावळे आणि कुत्रे ओढून नेतात. विहिरीपासून लांब, निदान तीन-चार फूट खड्डा, वर चुना, मग माती दाबून वर दगड. कातळ असेल तर हे पहारीचं काम आहे, म्हणून चार घरांनी मिळून मऊ मातीच्या भाटात एकच खड्डा खणावा. पाऊस लागायच्या आधी उरका, जूनमध्ये खड्ड्यात खालूनच पाणी येतं.

साथ चालू असताना लस द्यावी का? ज्या खुराड्यात आजार दिसतोय तिथे आता लसीने काही वाचत नाही. पण नकाशावरच्या निळ्या घरांना, तेही रोगापासून लांबच्या घरापासून सुरुवात करत, डॉक्टरांना विचारून द्यायची, आणि दर घराला सुई नवी. एरवीचं वेळापत्रक साधारण असं, पिल्लू ५-७ दिवसांचं असताना लासोटा किंवा एफ स्ट्रेन या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या आसपास लासोटा परत, आणि ८ ते १० आठवड्यांना आर टू बी ही लस, अर्धा मिली, कातडीखाली. आर टू बी लहान पिल्लांना देऊ नका, ती लसच त्यांना लोळवते. पुढे बूस्टर कधी ते दवाखान्यात ठरवा.

लसीची अडचण आपल्याकडे वेगळीच आहे. बाटली १०० डोसची नाहीतर त्याहून मोठी, तुमच्याकडे कोंबड्या बारा. एकदा पाणी मिसळलं की तास-दोन तासांत संपवायची, आणि तोपर्यंत २ ते ८ डिग्रीत. थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, शर्टाच्या खिशातून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. त्यामुळे वाडीने मिळून एक दिवस ठरवायचा, पहाटे, कोंबड्या खुराड्याबाहेर पडायच्या आत. चाकरमानी यायच्या निदान महिनाभर आधी, म्हणजे एकदा मार्च-एप्रिलमध्ये आणि एकदा गणपतीच्या आधी, हे आमच्या वाडीत ठरलेलं आहे, कारण या दोन वेळांना कोंबड्यांची ये-जा सगळ्यात जास्त असते.

आणि साथ संपली हे कधी म्हणायचं? शेवटची आजारी किंवा मेलेली कोंबडी ज्या दिवशी, तिथून २१ दिवस मोजायचे, मधे एखादी जरी नवी दिसली तर परत एकपासून. त्या काळात खुराडं रिकामं करून विष्ठा खरवडून पुरायची, धुवायचं, चुना मारायचा आणि उन्हात उघडं टाकायचं, ऊन या व्हायरसला सोसत नाही, पण सावलीतल्या ओल्या विष्ठेत तो आठवडे काढतो. ज्या कोंबड्या मान वाकडी होऊन वाचल्यात त्या बऱ्या दिसल्या तरी नव्यांबरोबर लगेच मिसळू नका.

आमच्या वहीतली शेवटची लाल नोंद २९ मेची, व्हाळापलीकडच्या घरातली. २० जूनला मी खुराड्यात आधी फक्त चार तलंगा सोडल्या, लांबच्या वाडीतल्या, लस झालेल्या, ज्यांच्या घरी आधीचे दोन महिने काही मेलं नव्हतं हे स्वतः विचारून घेतलेलं. त्या चारही व्यवस्थित राहिल्या, एक तर खुडूक बसायच्या तयारीत होती, तेव्हा आईने बाकीच्या आणायला परवानगी दिली. आता नवी कोंबडी घरी आली की मांगरात (घरापासून वेगळ्या झोपडीत) डालग्याखाली, २१ दिवस, आणि वही खुराड्याच्या खिळ्याला पेनासकट टांगलेली असते. पेन दर महिन्याला पोरं पळवतात, ते सुतळीने बांधलंय.